परतीची फुलं

सोमवार, ता. ३

धाकटे,

तुझं पार्सल शनिवारी पोचलं. आत निघालं ते असं: आईसाठी लोकरीचे पायमोजे, दोन जोड. पायाला चोळायच्या तेलाची बाटली, एक, बूच सैल असल्यामुळे पाऊणच भरलेली. एका इंग्रजी शब्दाच्या चिठ्ठ्या बावीस, दोऱ्याने बांधलेल्या, त्यांतल्या चार तेलकट. आणि तुझ्या ऑफिसच्या छापील कागदावर टाइप केलेलं पत्र, त्यात मला 'महोदया'. तिकिटं कमी लावली होतीस. पोस्टमनने दंडाचे साडेअकरा रुपये मोजून घेतले आणि वर म्हणाला, "पाठवणारी तुमच्याच घरातली दिसते, बाई. हात आखडता आहे."

'महोदया' मी तीनदा वाचलं. जिच्या डोक्यातल्या उवा मी कंदिलाशी बसून मारल्या, तिने मला महोदया म्हणावं! नऊ वर्षांत दर महिन्याला आईच्या नावाने तुझी मनीऑर्डर येते, तिच्या तळाच्या कोऱ्या जागेत तू कधी एक शब्द लिहिला नाहीस. आता पत्र आलं ते असं.

तू लिहितेस की तुमच्या ऑफिसात इंग्रजीचा मराठी कोश चाललाय, 'स्टेल' हा शब्द तुझ्या टेबलावर आलाय, आणि साहेबांचा नियम आहे की प्रत्येक शब्द घर चालवणाऱ्या एका तरी बाईला विचारून घ्यायचा. खाली पेनाने एक ओळ आहे: 'दुसरं घर माझ्या ओळखीचं नाही.' मी उत्तर देते आहे ते त्या पेनाच्या ओळीला. टाइपवालीला देत नाही.

तर घे लिहून. कालचा भात शिळा. सकाळचा संध्याकाळी शिळा होत नाही, तो उरलेला. रात्रभर भांड्यात राहिलेलं पाणी शिळं. दूध नासतं, पीठ आंबतं, तेल खवट होतं, पावाला बुरशी येते, रंग विटतो, हवा कोंदते, फूल कोमेजतं, आणि अंघोळ न केलेला माणूस पारोसा. बातमी शिळी होते, विनोद शिळा होतो. भांडण शिळं झालं की लोक ते मुद्दाम उकरतात, त्याला शिळ्या कढीला ऊत आणणं म्हणतात. ह्या सगळ्यावर तुझा इंग्रज एकच झाडू फिरवतो. त्याच्या स्वयंपाकघरात डबा एकच असणार.

आणि हे ठळक लिही: शिळं म्हणजे वाईट नव्हे. काल ताजं होतं आणि आज कालचं झालं, ह्यात पदार्थाचा काय गुन्हा? माझ्या घरात शिळं कधी फुकट गेलेलं नाही. भात फोडणीला पडतो, पाव तव्यावर पडतो. ज्या घरात शिळं टाकतात त्या घरात पुढे ताजंही पुरत नाही.

पण पहिल्याच चिठ्ठीवर दारू! वाचून हात धुऊन आले. तुझं म्हणणं, मुळात हा शब्द स्तुतीचा होता. पिंपात बरेच दिवस उभी राहून गाळ खाली बसलेली, नितळ झालेली दारू, ती 'स्टेल', आणि अशीला भाव जास्त. थांबलेलं, उभं राहिलेलं, असा मूळ अर्थ. मग काही शतकांत तोच शब्द नाक मुरडायचा झाला. सुनेसारखंच म्हणायचं. आली तेव्हा गुणाची, पुढे तीच सगळ्यांना नकोशी.

आईचं तू काही विचारलं नाहीस, पण मोजे पाठवलेस. ती गेल्या दोन महिन्यांत अंथरुणातून उठलेली नाही. दिसत तर दोन्ही डोळ्यांनी नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय दमलंय, आता महिने मोजू नका, आठवडे मोजा. ती रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी विचारते, "धाकटी येतेय का गं?" तुला बघायची तिची एवढी एकच इच्छा उरली आहे. बघायची म्हणजे हात लावायची.

तेव्हा ये. जुनं उगाळू नकोस. ह्यांनी तर तुला केव्हाच माफ केलंय. फोन करू नकोस, फोन फुलांच्या दुकानात आहे आणि तो हेच उचलतात.

तुझी ताई


गुरुवार, ता. १३

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. 'मी येईन. आधी तुझ्या हाताने एक वाक्य लिहून पाठव: धाकटी त्या दिवशी खोटं बोलली नव्हती.' कार्ड उघडं असतं, बाई. पोस्टमनने वाचलं, खालच्या शिंपिणीने वाचलं, मग ते माझ्या हातात आलं.

कोणता दिवस, ते मला सांगायला नको. तू दुकानात गल्ल्यावर होतीस, मी मागे हिशेब लिहीत होते. एका मुलीचा बाप लग्नाची फुलं ठरवायला आला. हे भाव सांगत होते तेवढ्यात तू त्याला तोंडावर म्हणालीस, "काका, ही घेऊ नका. ही स्मशानातून आलीत, मयतावरची आहेत." तो माणूस खुर्चीवरून उठून चालता झाला. हे पांढरेफटक पडले. घरी आल्यावर मी तुझ्यापुढे कागद ठेवला आणि तू लिहिलंस: 'मी मत्सरापोटी खोटं बोलले.' खाली सही केलीस. आई त्याच खोलीत बसली होती. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी ट्रंक नव्हती.

मी म्हणते, मी दुसरं काय करायला हवं होतं? आई आमच्याकडे, तू आमच्याकडे, चौघांचं पोट त्या दुकानावर. आणि नवऱ्याला लबाड म्हणायचं तर कुठल्या डोळ्यांनी बघून म्हणायचं? 'परतीचा माल' म्हणजे काय ते ह्यांनी मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात समजावलं होतं. पुष्पचक्राचं तारेचं कडं महाग असतं. अंत्यविधी झाला की रखवालदाराला चार पैसे देऊन ती कडी परत आणायची, धुऊन पुन्हा फुलं बांधायची. सगळे फूलवाले करतात. कडी मी स्वतः राखेने घासते. लोखंडाला कसला विटाळ? फुलं तिथेच राहतात, असं हे म्हणाले. मी जे पाहिलं नाही ते मी लिहिणार नाही. जप करणारी बाई आहे मी, माझ्या हातून खोटी साक्ष व्हायची नाही.

चिठ्ठ्यांचं म्हणशील तर सातवीवर घोड्याचं मूत आहे. तुझ्या सुंदर अक्षरात. 'घोड्याने व गुराने मुतणे, ह्या क्रियेस पूर्वी हाच शब्द. मूळ बहुधा निराळे.' ह्यासाठी शिकलीस तू? ह्यासाठी आईने इस्पितळातल्या रात्रपाळ्या केल्या? मी ती चिठ्ठी चिमट्याने उचलून गठ्ठ्याच्या तळाशी घातली. शब्दालासुद्धा कुळशील असावं लागतं. ह्याच्या एका अंगाला दारू, दुसऱ्या अंगाला मूत.

कालची एक गोष्ट सांगते, म्हणजे आईची अवस्था तुला कळेल. हे रोज सकाळी दुकानातून फुलांची एक जुडी पाठवतात. अर्धी मी देवापुढे ठेवते, अर्धी आईच्या उशाशी पेल्यात. तिला दिसत नाही पण वास आवडतो. काल गुलाब होते. पेला ठेवला तशी तिने नाक उडवलं आणि हाताने पेला लांब सारला.

"हे काढ इथून."

"का गं? गुलाब आहेत. चांगले टपोरे आहेत."

"पावडर आहे त्यांना. कुणाला तरी शेवटची अंघोळ घातलीय, तिथून आलेत हे."

मी म्हटलं, "आई, काहीतरीच काय?"

तर हसली, हसताना खोकला आला, खोकता खोकता म्हणाली, "एवढी घाई झालीय का तुला? मी अजून गेले नाही, आणि तू आधीच वाहायला लागलीस!"

तुला माहीतच आहे, ती तीस वर्षं इस्पितळात आया होती. किती मयतं तिने धुतली, पावडर लावून, केस विंचरून नातेवाइकांच्या हवाली केली, त्याला गणती नाही. म्हातारपणी तोच वास डोक्यात बसला असणार. मी गुलाब नळाखाली धुतले आणि देवापुढे ठेवले. फुकट कशाला घालवायचे?

तिचं नाक म्हातारं झालंय, दुसरं काय. तू ये.

तुझी ताई


बुधवार, ता. १९

धाकटे,

तुझं उत्तर नाही. बरोबर आहे, मी वाक्य पाठवलं नव्हतं.

त्या गुलाबांचा वास माझ्या बोटांना राहिला. साबणाने जाईना. खरं तर वास नव्हताच, आईचं बोलणं होतं. काल सकाळी ह्यांना म्हटलं, "परतीची कडी आज मी मोजून आणते, रखवालदार दर वेळी दोन कमी देतो असं तुम्हीच म्हणता." हे दाढी करत होते. म्हणाले, "तुला काय करायचंय तिथे? ओंगळ जागा ती." मी म्हटलं, "ओंगळ जागेची कडी तर मीच घासते." आणि उत्तराची वाट न बघता निघाले.

स्मशानाच्या मागच्या भिंतीला पत्र्याची शेड आहे. तिथे रखवालदाराची बायको पाटावर बसली होती, पुढे आदल्या दिवसाची सात पुष्पचक्रं. मला वाटलं फुलं तोडून खताच्या खड्ड्यात टाकत असेल. ती तोडत नव्हती, सोडवत होती. एकेक दोरा कापून, देठाला धक्का न लावता, बाळाचे कपडे उतरवावेत तशी. एका बादलीत गुलाब, एकीत शेवंती, एकीत लिली.

मी जवळ गेले तर म्हणाली, "बाई, बाजूने या, मालावर पाय पडेल."

मी म्हटलं, "हा माल?"

"मग? मेलेल्याला कुठे वास येतो? जिवंत माणसांसाठीच फुलं असतात." आणि हसली. तोंडात पान होतं.

तिने मला ओळखलं नाही. गिऱ्हाईक समजली असावी, कारण तिने मला सगळं हौसेने दाखवलं. गुलाबाच्या बाहेरच्या तीन पाकळ्या सोलायच्या, त्याच काळ्या पडतात. सोलल्या की गुलाब वयाने दोन दिवस लहान होतो. देठ तिरका कापायचा, आधी कोमट पाण्यात, मग गार पाण्यात. लिलीच्या पोटातली पिवळी पूड कापडाने पुसायची, कारण ती मयताच्या चादरीला लागून अर्धी गेलेली असते आणि उरलेली अर्धी चुगली करते. "नवऱ्या मुलीच्या हातात द्या," ती म्हणाली, "आईसुद्धा ओळखणार नाही." शेवंतीवर कसले तरी पांढरे ठिपके होते. तिने फुंकर मारली, ठिपके उडाले. ती पावडर होती. मी उभी होते तिकडे तोंड करून तिने फुंकर मारली, धाकटे. माझ्या ओठांवर आली ती.

मी भिंतीला धरून ओकले. सकाळचा चहा, दुसरं पोटात काही नव्हतं.

ती म्हणाली, "नवीन आहात वाटतं. पहिल्यांदा मलाही व्हायचं." मग पाणी दिलं. कशातून, ते मी बघितलं नाही, आणि प्यायलेही नाही. तेवढ्यात म्हणाली, "थांबलात तर फूलवाल्या साहेबांशी गाठ पडेल. नऊला त्यांची गाडी येते. देवमाणूस. वीस वर्षं झाली, एक दिवस पैसे थकवले नाहीत." फुलांत काळ्या कडेची चिठ्ठी अडकली होती, 'आजोबांना, सगळ्या नातवंडांकडून', कुणा लहान मुलाने काढलेल्या अक्षरात. ती तिने चुलीच्या सरपणावर टाकली.

घरी येऊन मी अंघोळ केली. मग पुन्हा केली. पंधरा दिवस पुरणारी साबणाची वडी दुपारपर्यंत अर्धी झाली. देवापुढचं सगळं काढलं, फडताळ धुतलं, समई घासली, आणि समोर बसले तर तोंडातून नाव फुटेना. एकवीस वर्षं मी देवाला मयताचं उष्टं वाहिलं. शिळं नव्हे, हे लिहून घे. शिळ्याला मी कधी नाक मुरडलं नाही. हे उष्टं, आणि वर अंघोळ घालून, पाकळ्या सोलून, ताजं म्हणून वाढलेलं. ह्याला इंग्रजीत शब्द आहे का, तुझ्या साहेबांना विचार. मराठीत मला सापडत नाही.

हे जेवायला आले. मी ताट वाढलं आणि विचारलं, "केव्हापासून?"

"काय केव्हापासून?"

"फुलं."

ह्यांचा हात थांबला नाही. घास घेत घेत म्हणाले, "गेलीच होतीस तर कडी तरी आणायचीस."

"केव्हापासून म्हणते मी."

"अगं, तुझ्याकडूनच शिकलो. कालचा पाव तू फेकतेस का? काटकसर काटकसर म्हणून घर डोक्यावर घेतेस, मग फूल तेवढं फेकायचं?"

मी म्हटलं, "पाव कुणाच्या छातीवर ठेवलेला नसतो."

"देव इतकी वर्षं काही बोलला का तुला? नाही ना? मग त्याला चालतंय." आणि भात मागितला. मी वाढला, धाकटे. डाव हातात होता, वाढला. त्यांच्या नखांत हिरवं होतं, देठाचा चीक. त्याच बोटांनी कालवून खात होते. मी मोरीत जाऊन उभी राहिले.

आता तुझं वाक्य लिहिते. मी पाहिलं म्हणून लिहिते.

ताई


गुरुवार, ता. २०

कालचं पाकीट बंद केलं नाही. डिंक लावायला घेतला आणि शेवटची ओळ परत वाचली. 'मी पाहिलं म्हणून लिहिते.' वाचून माझी मलाच किळस आली. पत्र तसंच पाठवलं असतं तर तू आली असतीस, आपण दोघी रडलो असतो, ह्यांच्या नावाने बोटं मोडली असती, आणि मी पुन्हा साजूक राहिले असते.

तो बाप यायच्या चार दिवस आधी मी मागच्या अंगणात कडी घासत होते. गुलाबांची बादली शेजारीच होती, दुकानात जायची. दोन देठांमध्ये जांभळी फीत अडकलेली दिसली. ओढली. सोनेरी अक्षरं होती, 'आईस, पोरक्या लेकरांकडून.' कड्याला नव्हती ती फीत, फुलांना होती. विकायच्या फुलांना.

मी ती चुलीत घातली. रेशीम लवकर जळत नाही, गोळा होतो त्याचा, मी चिमट्याने आत ढकलला. आणि स्वतःला सांगितलं की कड्याबरोबर आली असेल, घसरली असेल. चार दिवस मी स्वतःला हे सांगत होते. मग तू गल्ल्यावरून ते बोललीस.

म्हणजे कागद तुझ्यापुढे ठेवला तेव्हा मला ठाऊक होतं. आणि आणखी एक, जे तुला आठवतच असेल आणि ह्या घरात दुसऱ्या कुणाला माहीत नाही. तू फक्त 'मी खोटं बोलले' एवढंच लिहिलं होतंस. 'मत्सरापोटी' मी घालायला लावलं. तुझ्या हाताखालून कागद ओढून, दोन शब्दांच्या मध्ये जागा दाखवली, इथे लिही म्हटलं. ह्यांनी नाही सांगितलं ते. खोटं बोलणारी पोर उद्या परत येऊन पुन्हा तेच बोलली असती. मत्सरी ठरली की तिचं पुन्हा कुणी ऐकत नाही, एवढी अक्कल मला होती. मॅट्रिकला मराठीत पहिली आले होते मी.

सोळावी चिठ्ठी आज वाचली. शिकारी एक पाखरू दांडीला बांधून ठेवायचे, कधी जिवंत, कधी भुसा भरलेलं. ते निवांत बसलेलं बघून रानातली पाखरं निर्धास्त खाली उतरायची आणि जाळ्यात पडायची. त्या बांधलेल्या पाखराला हाच शब्द. तू गेल्यावर गल्ल्यावर मी बसायला लागले. हातात जपमाळ. लोक एकमेकांना सांगायचे, "तिथेच घ्या, बाई देवभोळ्या आहेत, फसवणूक व्हायची नाही." मला ते ऐकायला आवडायचं. माळ मी जरा वर धरायचे.

दोन्ही पत्रं अजून पाकिटात घालत नाही. आधी मला एक काम करायचंय. ते झाल्याशिवाय पाठवण्यात अर्थ नाही.


बुधवार, ता. २६

धाकटे,

काम झालं. तुला तिन्ही कागद एकदमच मिळतील, आणि चौथा वेगळा आहे त्यावर वाक्य.

सोमवारी एक मुलगी आणि तिची आई आल्या, लग्नाची फुलं ठरवायला. मुलगी फार तर बावीसची, हातात यादी, प्रत्येक ओळीपुढे खुणा केलेल्या. हे मागे देठ कापत होते. मुलीने लिलीच्या बादलीत नाक घातलं आणि म्हणाली, "आई, किती ताज्या आहेत बघ!" मला मयताच्या चादरीचीच आठवण झाली. मी माळ गल्ल्यात टाकली आणि म्हटलं, "बाळ, नाक काढ तिथून. ही फुलं मेलेल्या माणसांवरची आहेत. धुऊन विकतो आम्ही."

मुलीला वाटलं मी थट्टा करते. तिच्या आईला कळलं. माझ्याकडे बघत राहिली.

"आणि तुम्ही इतकी वर्षं विकत होतात?"

"हो."

"माहीत असून?"

"हो."

"शी!" म्हणाली. मोठ्याने, दारातून वळून. रस्त्यावरची दोन माणसं थांबली. मला तिचा राग आला नाही. मी आठवडाभर घशाशी धरून बसले होते तेच ती बोलली.

ह्यांनी शटर ओढलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "आईच्या आजारपणाने हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं मी सांगेन लोकांना. तूही तेच सांग. आठ दिवसांत निवळेल." मी म्हटलं, "मी तसं सांगणार नाही." तर म्हणाले, "मग घर चालव तुझ्या माळेवर." तेव्हापासून बोलत नाहीत, जेवायला येत नाहीत. काल तीन ठरलेली गिऱ्हाइकं तुटली. पुढे काय खायचं ते मला माहीत नाही. शिंपीण काजं-बटणं शिवायला द्यायला तयार आहे, माझी नजर अजून चांगली आहे. हे तुला दया यावी म्हणून सांगत नाही. आलीस तर घर कसं सापडेल, ते आधीच माहीत असावं म्हणून सांगते.

आईला सगळं सांगितलं. फितीचंसुद्धा. ऐकता ऐकता तिने डोळे मिटले, मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "मला कळत होतं. पहिल्यापासून. तुझ्या घरी राहायला आले त्याच दिवशी उंबऱ्यात वास आला मला."

मी म्हटलं, "मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तुझ्या घरचा घास होता तोंडात." मग माझा हात चाचपला. "ती माझ्याकडे बघत होती गं सही करताना. मला तेव्हा दिसत होतं. मी मान फिरवली. तिला बोलाव. मला हे तिच्या तोंडावर म्हणायचंय. तुझ्याकडून निरोप नको."

म्हणजे ती तुझी वाट का बघते, ते मलाही आत्ता कळलं. मी समजत होते, माया आहे. माया आहेच. पण त्याखाली हे आहे, आणि हे घेऊन ती जायला तयार नाही. दोन दिवस चमच्याने पाणी, तेवढंच घेते. डॉक्टर काल बॅग न उघडताच उठले. जिन्यात म्हणाले, "ज्यांना बोलवायचं त्यांना आठवड्याच्या आत बोलवा."

एकोणिसाव्या चिठ्ठीवर तू कोर्टातला अर्थ दिलायस. हक्क खरा असला तरी मागायला फार उशीर केला तर न्यायाधीश तो ऐकूनच घेत नाही, अशा दाव्याला हाच शब्द लावतात. माझं तसं झालं असेल तर तो निवाडा तुझा. मी अपील करणार नाही. पण दावा आईचाही आहे, आणि तो वेगळा धर. तिने नऊ वर्षं उशीर केला तो माझ्या दारात बसून.

वेगळ्या कागदावर तू सांगितलंस ते वाक्य आहे. त्यात मी दोनच शब्द वाढवले आहेत, आणि ह्या वेळी कुणी जागा दाखवली नाही: 'धाकटी त्या दिवशी खोटं बोलली नव्हती. मी बोलले.' खाली सही आणि तारीख आहे. कोणालाही दाखव, तुझ्या साहेबांना दाखव.

फोन कुठेच करू नकोस, शिंपिणीच्या नवऱ्याकडेही नको, तो गल्लीभर सांगतो. गाडी लिहून कळव, मी स्टेशनवर येईन. मला बघायचं नसेल तर तेही लिही. मी शिंपिणीकडे जाऊन बसेन, तुला दार उघडं मिळेल, आई डाव्या हाताच्या खोलीत आहे.

आज पहाटे तिने विचारलं, "पत्र आलं का गं धाकटीचं?" मी म्हटलं, "वाटेत आहे." परवाही तेच म्हटलं होतं, त्याच्या आधीही. ती "बरं" म्हणते आणि भिंतीकडे तोंड करते, आणि तो शब्द माझ्या जिभेवर दिवसभर राहतो, चूळ भरली तरी जात नाही. येणार असशील तर तसं, येणार नसशील तर तसं. जे असेल ते उलट टपाली कळव, म्हणजे तिला सांगायला मला खरं काहीतरी मिळेल.

ताई